गोबर गॅसवरचा फराळ

लग्न ठरताना मी एकच अट घातली होती, घरात संडास पाहिजे. अंबाजोगाईत वाढलेली मुलगी, बारावी पास, आणि तोंडाची फटकळ. सोन्याचं तुम्ही बघा, साड्यांचं तुम्ही बघा, पण अंधारात टमरेल घेऊन गावाबाहेर गोदरीला जाणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, असं मी पाहुण्यांसमोर सांगितलं तेव्हा आईनं पदरात तोंड लपवलं. सासरे मात्र हसले. "बांधू की, त्यात काय," म्हणाले. आणि खरंच बांधला. नेकनूरजवळच्या त्या गावात आमच्या गल्लीतला तो पहिला संडास. बायका पाणी भरायला जाताना वाकून बघायच्या आणि पदराआड हसायच्या.

सासऱ्यांचं आधीपासूनच एक खूळ होतं, गोबर गॅसचं. गोठ्यामागं विटांची विहीर, तिच्यावर उलटी घातलेली लोखंडी टाकी. रोज सकाळी शेण पाण्यात कालवून हौदातून आत सोडायचं, गॅस धरला की टाकी हळूहळू वर उचलली जायची आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीला निळा जाळ यायचा. पंचायत समितीच्या साहेबानं सांगितलं, संडासही याच विहिरीला जोडा, अनुदान वाढून मिळेल आणि गॅसही वाढेल. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. सासऱ्यांनी लगेच पाईप जोडला. मला एवढंच बजावलं की संडासात फिनेल ओतायचं नाही, नाहीतर गॅस मरतो.

या गॅसवर सासूबाईंचा धंदा चालायचा. मी त्यांना आत्या म्हणायचे. आत्या दिवाळीचा फराळ करून द्यायच्या. चकली, शेव, अनारसे, चिवडा. रॉकेलला रेशनची रांग, सिलिंडरला नंबर लावून वर्षं जायची, आणि लाकडावर तळायला बसलं की डोळ्यांचं पाणी खळत नसे. आत्यांच्या चकलीचा रंग मात्र पहिल्या घाण्यापासून शेवटच्या घाण्यापर्यंत एकसारखा, कारण जाळ एकसारखा. दाब कमी झाला की त्या टाकीवर दगड ठेवून यायच्या. नवरा परळीला नोकरीला, सुट्टीपुरता यायचा, त्यामुळं दिवाळीच्या आधीचे सगळे दिवस मी आणि आत्या त्या कढईपुढंच असायचो.

पण वारं बदलायला लागलं होतं. गावात एसटीडीचं बूथ आलं, दोन घरांवर डिश आली, आणि किराणा दुकानांत चमकणाऱ्या पाकिटांच्या माळा लटकल्या. शेव पाकिटात, चिवडा पाकिटात. बीडहून टेम्पो येऊन माल टाकून जायचा. मला त्या पाकिटांचा राग यायचा, अजूनही येतो. गावातली बाई गावातल्या शेंगदाण्याचा चिवडा गावातल्या शेणाच्या गॅसवर करून देते, आणि लोक हवा भरलेलं पाकीट विकत घेतात. आत्यांची गिऱ्हाइकं वर्षागणिक गळत होती. उरलेल्यांत सगळ्यात मोठं घर बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचं. कपड्याचं दुकान, शेजारी किराणा. त्या घरात शब्द चालायचा तो म्हाताऱ्या आक्कांचा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. आक्कांनी फराळ घेतला की बाकीची घरं डोळे झाकून घ्यायची. त्या वर्षी तर आक्कांची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली, त्यामुळं मागणी मोठी होती.

अशात सासऱ्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. दिवाळीसाठी घराला चुना दिला, आणि राहिलेल्या गेरूनं रस्त्याकडच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'शौचालय जोडलेला गोबर गॅस'. साहेब लोक बघायला येतील, फोटो काढतील, असं त्यांच्या डोक्यात. साहेब कुणी आले नाहीत. गावानं मात्र वाचलं.

वसुबारसेच्या सकाळी आक्का काठी टेकत आल्या. आम्ही अंगणात शेणाच्या गवळणी मांडत होतो. आमच्याकडं दिवाळीत दारापुढं शेणाच्या गवळणी करतात, त्यांना फुलं वाहतात. आक्का उभ्याच राहिल्या.

"खरं हाय का गं ते? भिंतीवरलं?"

"खरं हाय," आत्या म्हणाल्या.

"आन् त्याच जाळावर तू माझ्या देवाचा निवद तळतीस?"

"आक्का, ह्या गवळणी कशाच्या हायत? शेणाच्याच ना? शेणानं सारवतो, शेणाला हात जोडतो. जाळ कशाचा का असंना, जाळ तो जाळ."

"शेण ते शेण. माणसाचं ते माणसाचं." आक्कांचा आवाज चढला नाही, त्यामुळंच मला धडकी भरली. "मी भांडायला न्हाई आले. तुझ्या हाताला चव हाय, मला ठावं हाय. तो पाईप बंद कर. मी सवता येऊन बघते, मंग तुझा फराळ घेते. न्हाईतर बीडवरनं पाकिटं मागवते."

आत्या म्हणाल्या, "उद्या सांगते."

उद्या सांगते! पाईप बंद म्हणजे संडास बंद, दुसरा खड्डा काढलेलाच नव्हता. दिवाळीपुरता बंद केलेला पाईप पुन्हा कोण उघडणार? आज आक्का, उद्या दुसरं कुणी. घरात मी सगळ्यात नवी, संडास माझ्या सोयीसाठी बांधलेला, आणि त्याच्यापायी घरचा धंदा बुडतोय. कोणतं पारडं जड होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आत्या तशा कडक होत्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. संडास बांधताना त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, आणि बांधल्यावर त्यात जायलाही त्यांनी बरेच दिवस घेतले होते. मी धरून चालले की आता आपलं टमरेल आणि आपली गोदरी.

तो दिवस आम्ही दोघी कढईपुढं बसलो. मी सोऱ्या फिरवत होते, आत्या झारा हलवत होत्या. सासरे अपराधी चेहऱ्यानं बाहेर भिंतीवर चुन्याचा हात मारत होते, आणि चुन्याखालून गेरू पुन्हा डोकं वर काढत होता. शेजारची बाई मीठ मागायला म्हणून आली, शेगडीकडं बघून नाक वाकडं करून गेली. मीठही तिनं नेलं नाही.

धनत्रयोदशीला सासऱ्यांनी विटेचे तुकडे आणि वाटीभर सिमेंट आणलं. संडासाच्या मागं, जिथं पाईप विहिरीत उतरतो, तिथली माती उकरायला लागले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. खोऱ्याचा प्रत्येक घाव मला ऐकू येत होता. रडायला येत होतं आणि रडायचं नव्हतं. अट मोडणार असाल तर मीही माहेरी जाते, असं एक वाक्य मी मनात घोळवून ठेवलं होतं.

आत्यांनी कढई खाली उतरवली, शेगडी बंद केली आणि हात पुसत मागं गेल्या. मी दारापर्यंत गेले.

"आवं, ठिवा ते खोरं."

"अगं, दिवाळीपुरतंच."

"पायपाला हात लावायचा न्हाई."

"आन् आक्का? येवढा माल केलाय तू. पेठंतलं एक घर घ्यायचं न्हाई मंग."

"नका घेऊ म्हणावं." आत्या खाली बसल्या आणि उकरलेली माती हातानं परत ढकलायला लागल्या. "तुमाला काय ठावं हाय? ह्या घरात आल्यापास्नं सांजच्याला मी अर्धी भाकर खाल्ली. कावून? भूक नव्हती म्हणून न्हाई. रातीला, दिसाउजेडी जावं लागू नये म्हणून. पोटात लेकरू व्हतं तवाबी अर्धीच. तुमी कधी इचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई. ही पोर पूर्ण भाकर खाती. तिला खाऊ द्या."

सासऱ्यांनी खोरं खाली ठेवलं. इतकी वर्षं एका ताटलीच्या अंतरावर बसून जेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आत्यांनी खाल्ला होता. मी तिथं उंबऱ्यातच बसले आणि रडले, कुणी बघतंय का याची पर्वा न करता. आत्या आत जाताना एवढंच म्हणाल्या, "ऊठ, तेल थंड होतंय."

आक्कांना निरोप गेला. त्यांनी शब्द पाळला. पेठेतल्या एकाही घरातून फराळ न्यायला डबा आला नाही. नरकचतुर्दशीला आमच्या माजघरात चकल्यांचे डबे, शेवेचे डबे रचून ठेवलेले, आणि बाहेर टेम्पो येऊन आक्कांच्या मुलाच्या दुकानापुढं पाकिटांची पोती उतरवून गेला. सासऱ्यांनी थोडा माल स्टँडवर नेऊन विकला, थोडा वाटला. त्या दिवशी आत्यांनी अनारशाचं पीठ झाकून ठेवलं, तळलं नाही, तेव्हा मला कळलं की त्यांना किती लागलंय.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. दारात आक्कांची लेक. पेठेतल्या त्या मोठ्या घरातही संडास नव्हता. पोट चांगलंच दिसत होतं, कपाळावर घाम, एका हातानं चौकट धरलेली.

"वहिनी, जाऊ देता का मला? सगळीकडं पोरं फटाके उडवतेत. गोदरीच्या वाटंवर गड्यांचा पत्त्यांचा डाव बसलाय. सकाळपास्नं थांबलेय मी."

खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं, की जा, तुझ्या आईला विचार. पण ती बाई चौकटीला टेकून वाकली होती. मी बाजूला झाले. आत्यांनी माझ्या आधीच बादली भरून ठेवली.

बाहेर आल्यावर ती ओट्यावर टेकली. आत्यांनी पुढं केलेली चकली तिनं घेतली, एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग बशीच मांडीवर ओढली. निघताना म्हणाली, "मावशी, आईला नका सांगू."

"मी कशाला सांगू? तुझ्या तोंडाला चकलीचा वास हाय, तिला कळंलच," आत्या म्हणाल्या.

पाडव्याला, उन्हं कलताना, आक्का आल्या. मागच्या बोळातून, एकट्या. आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसून पुढं झाले. लेकीला बाटवलं म्हणणार, गावभर करणार. सासरे घाबरून हळूच म्हणाले, "सणासुदीचं भांडू नगंस गं पोरी."

आक्कांनी काठी भिंतीला लावली. माझ्याकडं नाही, आत्यांकडंही नाही, गोठ्याकडं बघत म्हणाल्या, "आत धरायला लोखंडी कडी हाय म्हणली माझी लेक."

"हाय," आत्या म्हणाल्या.

"माझं गुडघं गेलेत. बसलं की उठता येत न्हाई. पोळ्याच्या आधी तिकडं बाभळीत पडले व्हते मी. उजाडंस्तवर तशीच. कुणाला सांगितलं न्हाई."

माझी कसलेली कंबर सैल पडली. इतका राग धरून ठेवला होता, तो कुठं ठेवावा हेच मला कळेना. आत्या म्हणाल्या, "सूनबाई, हात दे आक्काला." मी हात दिला. त्या हाडकुळ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

बाहेर आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पदरानं तोंड पुसलं. पाडव्याला दारी आलेलं माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही. आत्यांनी ताट पुढं केलं. आक्कांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. जल्माचं वळण हाय. राग धरू नगंस."

"नका खाऊ. येत जावा मातर," आत्या म्हणाल्या. "दार उघडंच अस्तंय."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. आमचा संडास चालतो आणि आमची चकली चालत नाही, हा कुठला न्याय? पण आक्का निघाल्या नाहीत. काठी हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या लेकीला बांधून दे. डबाभर. पाकिटातलं तिला गिळंना. रातच्याला रडली माझ्यापुढं."

आत्यांनी मोठा डबा भरला. झाकण दोनदा निसटलं. आक्का मागच्या बोळाकडं वळल्या नाहीत. "पुढल्या दारानं जाते," म्हणाल्या. मी त्यांच्या कोपराला धरून सोबत गेले. डबा मी मागितला, त्यांनी दिला नाही, कमरेवर घेतला. पाडव्याची पेठ भरलेली, नवे कपडे घातलेली माणसं, सगळ्यांच्या नजरा त्या डब्यावर. पाकिटांच्या माळांखाली त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला होता.

"आई, काय आणलंस गं?"

आक्का थांबल्या, दम घेतला, आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गोबर गॅसवरली चकली. तुझ्या बहिणीला."