मामंजी, तितंच धरून ठेवा

ये गं, अशी जवळ सरक. मागल्या खेपेला ही गोष्ट निम्मी ऐकलीस आणि गाडीची वेळ झाली म्हणून चपला घालून पळालीस. असं करतात व्हय? मी आपली भाजीत चमचा तसाच ठेवून तुझ्यामागं दारापर्यंत बोलत आले होते. म्हणून आता पत्रातच लिहून काढते सगळी. बस निवांत, मधे उठू नको.

तर आमच्या घरी टीव्ही आला तो आणीबाणी उठल्यानंतर. गाव साताऱ्याच्या उत्तरेला, जरा उंचावर, म्हणून पुण्याकडनं येणारं चित्र आमच्यापर्यंत कसंबसं पोचायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतनं सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांनी मिलिटरी कँटीनमधनं टीव्ही आणला. त्याला सरकती लाकडी दारं होती. सासूबाईंनी आधी त्या दारांना हळदीकुंकू लावलं, मग कुणालातरी बटण दाबू दिलं.

टीव्ही ठेवला सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत. तिथं बसायचे पुरुष. सुनेनं सासऱ्यांसमोर बसायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं तर त्याहून नाही. मग आम्ही बायका बघायचो स्वयंपाकघराच्या दाराआडून, पडद्याच्या फटीतून. शनिवारचा मराठी पिक्चर, रविवारचा हिंदी, आठवड्यातली गाणी, सगळं मी उभ्यानं बघितलंय, हातात सूप घेऊन. तांदूळ निवडायला रविवारीच कसे निघतात, असं सासूबाई विचारायच्या. नायिका रडायला लागली की आमच्या दाराआड हुंदके, आणि सोप्यात मामंजी म्हणायचे, "घरात कुणाला पडसं झालंय जणू."

असं ते कायम हवेतच बोलायचे. मला चहा सांगायचा असला तर माझं नाव नाही, हाक नाही. खांबाकडं बघून म्हणायचे, "चहा ठेवा म्हणावं." सासूबाई घरात असल्या तर त्या निरोप पोचवायच्या. मीही उत्तर तसंच द्यायची, बांगड्या वाजवून नाहीतर सासूबाईंच्या तोंडून. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि माझा आवाज मामंजींनी नीट ऐकला असंल का, देव जाणे.

आता खरी गोष्ट. माझं माहेर पलूसच्या अलीकडं. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी ऊस मोडून द्राक्षबाग लावली, वेलींसाठी तारा ताणल्या, तेव्हा गावातले म्हणायचे, हा बाबा तारांवर धुणं वाळत घालतोय. पण बाग फळली. आणि एक दिवस मुंबईहून टीव्हीची माणसं येऊन दादांना बोलतं करून गेली, संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी. सगळं खरं, पण सांगलीकडं तेव्हा टीव्हीचं चित्रच पोचत नव्हतं. म्हणजे दादा टीव्हीत दिसणार, आणि दादांना, आईला, गावातल्या एकाही माणसाला ते दिसणार नाही. घरातली टीव्हीपाशी असलेली एकटी मी. आमच्या गावावरनं जाणाऱ्या एस्टीच्या कंडक्टरकडं दादांनी निरोप धाडला, "पोरी, तू बघ. आणि मग आम्हाला सांग."

नेमका तो दिवस औंधच्या यात्रेचा निघाला. यमाईला सासूबाई गेल्या, तुझे आजोबा गेले, निम्मं गाव गेलं. गोठ्यातली म्हैस व्यायला झालेली, म्हणून मामंजी मागं राहिले आणि स्वयंपाकाला मी. निरोप घ्यायला-द्यायला मधे कुणीच नाही.

मामंजी मग म्हशीशी बोलायला लागले. गोठा सोप्याला लागूनच. म्हणाले, "साडेसहाला कार्यक्रम हाय म्हणावं. व्याही दिसणार हायत. आज सोप्यात येऊन बघितलं तरी चालंल म्हणावं."

मी आतनं म्हशीलाच उत्तर दिलं, "चहा ठेवलाय म्हणावं."

म्हैस बिचारी कधी त्यांच्याकडं बघती, कधी माझ्याकडं.

साडेसहाला टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. डोंगराकडनं वारं सुटलेलं, त्यानं माळवदावरची अँटेना फिरवून टाकली होती. अँटेना फिरवायचं काम एरवी तुझ्या आजोबांचं. ते वर, आणि खाली धाकटे दीर ओरडून सांगायला. आज दोघंही देवीला. मामंजींनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा म्हशीकडं, धोतर खोचलं आणि शिडीला हात घातला. जाताना म्हणाले, "चित्र आलं की ताट वाजवा म्हणावं."

मी पितळी ताट आणि उलथनं घेऊन सोप्यात उभी. वरनं पाइप फिरवल्याचा करकर आवाज. मुंग्या पातळ झाल्या, मी ताट वाजवलं. तोवर पाइप पुढं गेलेला, चित्र गेलं. परत आलं, परत वाजवलं, परत गेलं. त्यांना वाटलं मी अजून फिरवा म्हणतेय. वरनं आवाज आला, "दायें का बायें?" पलटणीची सवय. आता ताटानं डावं-उजवं कसं सांगायचं?

आणि तेवढ्यात मुंग्यांतनं दादा दिसले. डोक्याला फेटा, अंगात कुणाचातरी मागून आणलेला कोट. शेजारी माईक धरलेला साहेब. दादांनी तोंड उघडलं आणि पाइप परत करकरला.

ताट टाकलं, अंगणात धावले, डोईवरचा पदर कुठं गेला ते कळलं नाही. मान वर करून ओरडले, "मामंजी, मागं फिरवा. थोडं मागं. तितंच. आता हलू नगा."

मामंजी थिजल्यासारखे उभे राहिले. वाऱ्यानं पाइप सुटला की चित्र जायचं, म्हणून दोन्ही हातांनी मिठी मारून धरला त्यांनी. मी आत पळाले. दादा दिसत होते, ऐकू येत होते. वरनं मामंजींचा आवाज आला, ना म्हशीला, ना खांबाला, "पोरी, काय म्हणत्यात व्याही?"

मी दारात एक पाय, सोप्यात एक पाय. "छाटणीचं सांगत्यात."

"जोरात सांग. वारं लय हाय."

"ऑक्टोबरात छाटणी करा म्हणत्यात."

"आणि पाणी?"

"पाणी बेतानं द्या म्हणत्यात."

"चूक हाय. आमच्या मुरमाला बेतानं भागत न्हाई. सांग त्यास्नी."

"आवं मामंजी, ते टीव्हीत हायत. मी सांगून त्यांना कसं ऐकू जाईल?"

मग म्हणाले, "बरं, गाठ पडल्यावर बघतो."

शेवटी साहेबानं दादांना विचारलं, शेतकऱ्यांना काही सांगायचंय का. दादा म्हणाले, "हे साताऱ्याकडं दिसंल न्हवं?" साहेब हसला. दादांच्या मागं वेलीआड एक पदर हलला. तो आईचा. मग चित्र बदललं आणि खतांची माहिती सुरू झाली.

मामंजी खाली आले. थंडीनं बोटं वळत नव्हती, तळवे गंजानं तांबडे. घरच्या टीव्हीत त्यांच्या स्वतःच्या व्याह्यांना त्यांनी क्षणभरही बघितलं नव्हतं. मी चहा दिला आणि सवयीनं दाराआड निघाले, तर म्हणाले, "बस. पहिल्यापासनं सांग."

मी सतरंजीच्या अगदी काठावर बसले आणि सांगितलं. फेटा कसा, कोट कसा, कोटाचं एक बटण चुकीच्या काजात. ते मान हलवत ऐकत होते.

सासूबाई यात्रेहून आल्या तर मामंजी त्यांना द्राक्षाची छाटणी समजावून सांगायला लागले. त्यांनी विचारलं, "तुम्ही तर वर हुता म्हणं. मग हे कुणी सांगितलं?"

"सूनबाईनं."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. "माझ्याशी उभ्या जन्मात एवढं बोलला न्हाईत."

"तू कवा टीव्हीत आलीस?" मामंजी म्हणाले. "हे बघ, हिला माहेरी धाडायची. त्या माणसानं स्वतःला बघितलं न्हाई. कुणीतरी जाऊन सांगाया नगं?"

"आवं, ऊस तोडीला आलाय. माणसांचं जेवण कोण करणार?"

"मी भाकरी थापतो. पलटणीत शंभर माणसांच्या थापल्यात."

थापल्या त्यांनी, असं म्हणतात. चवीबद्दल तुझ्या आजोबांनी शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

माहेरी पोचले तर दादा असे बसलेले की जणू काही झालंच नाही. खुशाली विचारली, म्हशीचं विचारलं, एस्टीत बसायला जागा मिळाली का विचारलं. चहाची कपबशी खाली ठेवल्यावर हळूच म्हणाले, "ते दिसलं का काही?"

मग मी सांगायला लागले, आणि बघता बघता ओटा माणसांनी भरला. धुणं वाळत घालतोय म्हणणारेही पुढं येऊन बसले. मी दादांचा आवाज काढून दाखवला, साहेबाचा काढून दाखवला. मामंजींनी पाइप धरला ते सांगितल्यावर दादा म्हणाले, "त्यांनी बघितलंच न्हाई व्हय मग?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बागेत जाऊन मामंजींसाठी द्राक्षाची पेटी भरली, एकेक घड उजेडात धरून.

आई रात्री भांडी विसळताना म्हणाली, "मी दिसले का गं?"

"पदर दिसला."

"कुठला? हिरवा का?"

"आई, टीव्ही काळा-पांढरा हाय."

"मग उगंच नवं लुगडं नेसले," ती म्हणाली, आणि परत विचारलं, "पण पदर दिसला ना?"

ते सगळं मी तीनदा सांगितलं, दर वेळी नवं कुणीतरी यायचं म्हणून. घरात बसून एकटीनं बघितलं असतं आणि सांगायला जायला मिळालं नसतं, तर मला वाटतं ते बघितल्यासारखंच झालं नसतं.

तर बाई, तूही तिकडं काय काय बघत असशील, हसत असशील, ते मला कुठं दिसतंय? ये एकदा आणि पहिल्यापासनं सांग. ओटा झाडून ठेवते. लवकर ये.