‘शेवटची गाडी’चा आवाज

सोफावाल्याने आपल्या बायकोला पाहिलं नंतर, ऐकलं आधी. तरुणपणी तो रोज कामावर जायला बसस्थानकात येऊन उभा राही, आणि वरच्या कर्ण्यातून एक बाई गाड्या पुकारत असे. आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. पण त्या आवाजाने सांगितलं की गाडी फलाटावर लागली आहे, तर ती लागलेलीच असणार आणि आपल्याला ती मिळणारच, असा भरवसा वाटायचा. एके दिवशी तो ऐकण्यात इतका रंगला, की त्याच आवाजाने पुकारलेली त्याची स्वतःची गाडी त्याच्या नाकासमोरून निघून गेली. अशा माणसाने लग्न न करून करायचं काय?

बाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगे. एकदा कानांसाठी, एकदा पायांसाठी. गोंधळलेल्या माणसाला पहिल्यांदा नुसता आवाज ऐकू येतो, अर्थ दुसऱ्यांदा पोचतो, असं तिचं म्हणणं. ही सवय घरीही आली. "दूध उतू जातंय. दूध उतू जातंय." ओरडणं मात्र नाही. दूध उतू जावो नाहीतर घराला आग लागो, तिची पट्टी तीच. भांडणातसुद्धा सोफावाला एकटाच वर चढायचा आणि थोड्या वेळाने एकटाच खाली उतरून यायचा.

त्या खेळाचं खूळ घरात आणलं लेकीने. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तिने आपला संगणक मागे ठेवला आणि आईला म्हणाली, "आपण रोज यात भेटू." खेळ असा, की ठिकठिकाणचे लोक आपापल्या खोलीत बसून एकाच जगात उतरतात, तलवारी चालवतात, जादू करतात, कानाला लावलेल्या यंत्रातून एकमेकांशी बोलतात. वर्षभरात लेकीला त्याचा कंटाळा आला. आईला आला नाही. उलट तिने स्वतःची टोळी काढली आणि नाव ठेवलं ‘शेवटची गाडी’. बाकीच्या टोळ्यांनी ज्यांना हळू म्हणून, म्हातारे म्हणून, चुकतात म्हणून उतरवून दिलं होतं, ते सगळे या गाडीत.

सोफावाल्याला हे सगळं पोरकट वाटे. शेजारच्या खोलीत तो फाटक्या खुर्च्यांना नवं कापड चढवत बसायचा आणि भिंतीपलीकडून बायकोचा आवाज यायचा, "डाव्या बाजूचे प्रवासी मागे सरा. डाव्या बाजूचे प्रवासी मागे सरा." राक्षसाशी चाललेल्या लढाईत हे प्रवासी! तो गालातल्या गालात हसायचा. टोळीत तिला सगळे ताई म्हणत, आणि टोळीचा एक नियम होता: लढाईत ताई बोलत असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. आणि शेवटी, जिंकोत की हरोत, ताई रोज तेच सांगे, "गाडी इथे थांबते आहे. पाणी प्या, पाठ सरळ करा, घरच्यांशी बोला." तेही दोनदा. मग ती खोलीतून बाहेर येई, स्वतः पाणी पिई आणि सोफावाल्याशी बोलत बसे.

आणि मग तो आवाज बसला. आधी सगळ्यांना सर्दीच वाटली. सर्दी गेली, आवाज काही सुटेना. घशात एक गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया करून ती काढली आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "जखम भरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुज तर मुळीच नाही, तिने जास्तच ताण येतो. मधेच बोललात आणि जखम उसवली, तर पूर्वीचा आवाज परत येईल असं मी सांगू शकणार नाही."  बायकोने नुसती मान हलवली. बसस्थानकात तिच्या जागी एक यंत्र बसवलं होतं आणि ते प्रत्येक गोष्ट एकदाच सांगत होतं.

घर असं गप्प झालं, की सोफावाल्याला आपल्याच हातोडीचा आवाज सोसवेना. तरी खुणांवर त्यांचं भागत होतं, कारण खुणा त्यांच्याकडे जुन्याच होत्या. कापड ताणून बसवताना सोफावाला बारीक खिळे ओठांत धरतो. सुट्टीच्या दिवशी बायको मदतीला बसली, की तोंडात खिळे असलेला हा माणूस भुवया, हनुवटी आणि बोटं यांवर तिला सगळं सांगायचा: इकडे ओढ, सैल सोड, थांब, आता ठोक. इतकी वर्षं तो मुका आणि ती बोलकी असायची. आता पारडं फिरलं होतं, एवढंच.

तिकडे ‘शेवटची गाडी’त रणधुमाळी माजली. संगणकावर टोळीचा लिहायचा एक फळा होता, त्यावर जो तो मत देऊन जाई. सोफावाला बायकोच्या मागे उभा राहून ते वाचायचा आणि थक्क व्हायचा. इतकी मतं त्याने सरकारबद्दलही ऐकली नव्हती. कुणी म्हणे, खेळाच्या कंपनीने बर्फाच्या किल्ल्यातला, आपल्याला कधीच न हरलेला राक्षस मुद्दाम अवघड केलाय. कुणी म्हणे, राक्षस ठीक आहे, आपलेच हात जड आहेत. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण प्रत्येकाच्या मताला ‘बरोबर’ असं लिहून मोकळा व्हायचा. आणि ज्याला सगळे ‘तिखट’ म्हणत, त्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने सरळ लिहिलं: "ताईंबद्दल आदर आहे. पण महिनाअखेरीला किल्ला कायमचा बंद होणार. बोलू न शकणारा कप्तान घेऊन आपण तो कसा जिंकणार? मी पुकारतो."

बायकोने खाली एवढंच लिहिलं: "तिखट पुकारेल."

तिखटने पुकारलं. तो ओरडला, मग सगळेच ओरडले, आणि राक्षसाने सगळ्यांना चिरडलं. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. बायको कानाला यंत्र लावून ऐकत बसायची. सोफावाल्याने दारातून पाहिलं, तर तिचे ओठ हलत होते आणि गळ्याची शीर टरारली होती. तो गर्भगळित झाला. ही आज ना उद्या बोलणार! मुद्दाम नाही, नकळत बोलणार, जसा आपला हात नकळत हातोडीकडे जातो.

"तू हे बंद कर," तो म्हणाला.

तिने मान हलवली. नाही.

"आवाज गेला तर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या नावांकडे पाहिलं. बराच वेळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सोफावाला विरघळला.

"मग मी बसतो शेजारी," तो म्हणाला. "तू खुणा कर, मी बोलतो. आणि तू तोंड उघडलंस ना, तर बघ माझ्याशी गाठ आहे!"

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी हातावरचा डिंक न धुताच तो तिच्या शेजारी बसला. एकच यंत्र होतं. त्याचा बोलायचा भाग त्याच्या तोंडापाशी आणि एक कान तिच्या कानाला, असे दोघे डोक्याला डोकं लावून. तो घसा खाकरून म्हणाला, "नमस्कार. मी ताईंचा नवरा. मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती सांगेल ते मी बोलेन."

 पलीकडून एका नर्सबाईचा आवाज आला, "या भाऊजी! तुम्हीच ते ना, भिंतीपलीकडे ठोकाठोक करणारे? इतकी वर्षं ऐकतोय आम्ही तुम्हाला."

सोफावाल्याला हे नवीनच होतं. आपण भिंतीपलीकडून बायकोला ऐकतो तसे हे लोक आपल्याला ऐकत असतील, हे त्याच्या गावीही नव्हतं.

किल्ल्याचं दार उघडलं. बर्फाचा राक्षस पडदाभर उभा राहिला आणि सोफावाल्याचं तोंड उघडंच राहिलं. काय ते धूड! पायाशी चाळीस माणसं, मुंगीएवढी. खेळ सोपा होता आणि भयंकर होता: राक्षस एका हाताने हातोडा उचलायचा, आणि तो आदळायच्या आत सगळ्यांनी दुसऱ्या बाजूला पळायचं आणि तिथून घाव घालायचे. त्याने छाती फुगवली की सगळ्यांनी मधे गोळा व्हायचं. चुकीला माफी नाही.

बायकोचं बोट हललं. "डावीकडे चला. डावीकडे चला," सोफावाला म्हणाला. आणि चाळीस माणसं डावीकडे गेली.  तिची हनुवटी खाली: "मधे या. मधे या." आली! बोटं सैल: "श्वास घ्या. घाई नाही. श्वास घ्या." पलीकडे कुणीतरी खरंच श्वास सोडलेला ऐकू आला. आयुष्यभर सोफावाल्याचं ऐकलं होतं ते फक्त कापडाने आणि लाकडाने. रोज भिंतीपलीकडे ही हे करत होती? आणि आपण हसत होतो?

राक्षसाची ताकद अर्धी झाली, पाव उरली, आणि तिथे घोळ सुरू झाला. हातोडा भराभर पडू लागला. बायकोची बोटं धावू लागली, सोफावाल्याची जीभ मागे पडू लागली. चार जण चिरडले गेले. त्यांत नर्सबाई होती, जखमा भरणारी. बायको खुर्चीतून अर्धवट उठली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

सोफावाल्याने तिच्या तोंडावर हात दाबला. डिंकाने माखलेला अख्खा पंजा. त्या झटापटीत त्याचं कोपर वायरीत अडकलं, हिसका बसला, पण तिकडे लक्ष कुणाचं? ती हात झाडत होती, आता खुणा करणारं कुणी नव्हतं, आणि राक्षसाने हातोडा उचलला होता. सोफावाल्याने मनाचा हिय्या केला आणि स्वतःच्या अकलेने ओरडला, "उजवीकडे! उजवीकडे!"

सगळे डावीकडे गेले.

"अरे, बहिरे झालात का?" तो गरजला. "उजवीकडे म्हणतोय ना मी!" हातोडा आदळला, उजवीकडेच. तिकडे चिटपाखरू नव्हतं. मग सोफावाल्याच्या लक्षात आलं, की राक्षस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, आणि आपण बाजूच उलटी सांगितली. पण मग ते त्याचं न ऐकता बरोबर बाजूला गेले कसे?

बायको त्याच्या तळव्याखाली स्तब्ध झाली होती. तिने डोळ्यांनी खाली खूण केली. यंत्राची वायर टेबलाच्या कडेवरून लोंबत होती, टोक हवेत. ते कधीच निसटलं होतं. सोफावाल्याचा एक शब्दही पलीकडे पोचला नव्हता.

तो वायर उचलायला वाकला, तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं. घट्ट. आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

आवाज आता संगणकातूनच येत होता. कुणीही बोलत नव्हतं. ताई पुकारत असताना तोंड उघडायचं नाही, हा नियम; आणि ते पाळत होते. नुसते श्वास, बटणांची टकटक, कुणाच्या तरी घरात पंख्याची घरघर. राक्षसाने छाती फुगवली, आणि ते मधे आले. हातोडा उजवा, ते एका बाजूला. हातोडा डावा, ते दुसऱ्या बाजूला. कुणी घाई करत नव्हतं. एक मागे पडलेला म्हातारा होता, त्याच्यासाठी दोघे थांबले आणि त्याला घेऊन गेले. हे तिने आज सांगितलं नव्हतं. कधीतरी सांगितलं असणार, दोनदा. सोफावाल्याचा हात तिच्या तोंडावरून आपोआप खाली आला. ती आता बोलणार नव्हती. तो तिच्याकडे पाही, पडद्याकडे पाही, पुन्हा तिच्याकडे पाही. ही चार फूट अकरा इंचांची बाई, रोज सकाळी डबा विसरून जाणारी! घरात एक अक्षर उच्चारलं जात नव्हतं आणि तरी तिकडे चाळीस घरांत तिचं ऐकत होते. इतकं मोठं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

राक्षस कोसळला.

एकच कल्लोळ उठला. कुणी हसत होतं, कुणी खुर्चीवरून पडल्याचा आवाज आला. मग नर्सबाई म्हणाली, "भाऊजी? ताई? ऐकू येतंय ना?" पुन्हा, "भाऊजी, तुम्ही मधेच गप्प का झालात?"

"कधी गप्प झाले?" फोर्कलिफ्टवाला म्हणाला.

"आम्ही चौघं पडलो तेव्हापासून. मी नुसती ऐकतच होते. एक शब्द आला नाही."

 आणि मग तिखट अगदी हळू म्हणाला, "काहीतरीच काय. मी तर शेवटपर्यंत ऐकत होतो." तो थांबला. "ताईंना."

सोफावाल्याने वायर जोडली. बायकोने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि खूण केली. ती खूण ओळखायला त्याला बोटं पाहायचीही गरज नव्हती. "गाडी," तो म्हणाला. "गाडी इथे..." आणि पुढचा शब्द काही निघेना. एवढा थोरला गडी, ओठ हलवत नुसता बसून राहिला. आता घरात दोघेही मुके.

पलीकडे सगळ्यांनी वाट पाहिली. मग तिखटनेच पुढचं घेतलं. "गाडी इथे थांबते आहे. पाणी प्या, पाठ सरळ करा, घरच्यांशी बोला." आणि दुसऱ्या वेळी ते सगळे मिळून म्हणाले, मागे-पुढे, वेडेवाकडे, चाळीस आवाजांत. बायको डोळे मिटून ऐकत होती. इतक्या वर्षांत तिने हे वाक्य कधी ऐकलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. सोफावाला उठला आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

जखम भरली. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला काहीतरी. हळू, सावकाश." सोफावाल्याने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. काय निघेल? काही निघेल की नाही?

बायको त्याच्याकडे वळली. आवाज पूर्वीपेक्षा थोडा जाड होता, पण पट्टी तीच.

"डावीकडे होतं ते," ती म्हणाली. "डावीकडे होतं ते."