तिला झेपेल तेवढंच

तुम्हाला सांगते आहे म्हणजे हे पहिल्यांदाच तोंडातून काढते आहे. नवऱ्यालाही ठाऊक नाही — आणि त्याच्यापासून मी माझं वजनसुद्धा लपवत नाही. सांगायचं ठरवलं की नेमकं काहीतरी आठवतं, गॅसवर दूध आहे, दोरीवर कपडे आहेत, आणि मी उठते. आज दूध तापवून झाकून ठेवलं आहे. कपडेही काढून आणले.

वर्ध्याजवळच्या एका सूतगिरणीत मी नोकरी करते. माणसं हे माझं खातं. कोण कामावर आलं, कोण रजेवर, कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाला कुठे लावायचं. आता त्याला एचआर म्हणतात, मी लागले तेव्हा 'ऑफिसातल्या बाई' म्हणत. स्वभावानं मी कडक आहे. फाइल तिरकी ठेवलेली मला चालत नाही, आणि उशिरा येणाऱ्याकडे मी अशी बघते की दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं आधी हजर. अशा बाईला लोक प्रामाणिक समजतात. का समजतात, कोण जाणे.

प्रतिभा माझ्या हाताखाली होती, टाइम ऑफिसात — म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या टेबलावर. पवनारहून बसनं यायची. तिशीची, बी.ए. झालेली, घरी नवरा, सासू आणि एक लहान मुलगी. बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. प्रतिभाला पंधरा दिवसांत कळलं, आणि तिनं गिरणीच्या सुताराला धरून ती लावूनही घेतली. मग बायका अर्ज तेवढा माझ्याकडे आणू लागल्या, बोलायला मात्र तिच्याकडे जाऊ लागल्या.

मला तिचा राग यायचा का? नाही. भीती वाटायची. हा शब्द मी आत्ताच दोनदा गिळला आणि मग उच्चारला.

त्याच सुमारास मुख्य कार्यालयाकडून एक पत्र आलं होतं. मला एकटीला. दोन-अडीच वर्षांत गिरणीचं दुसरं युनिट उभं राहणार होतं. कामगारांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली की कारखान्याला कल्याण अधिकारी ठेवावाच लागतो, कायदाच आहे तसा. आणि तो कुणीही चालत नाही. सरकारमान्य यादीतला अभ्यासक्रम केलेलाच लागतो. मग अनुभव वीस वर्षांचा असो, यादीत नाही म्हणजे नाही. माझ्याकडे एक जुनं सर्टिफिकेट होतं, भिंतीवर टांगण्यापुरतं. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल — दुपारच्या सुट्टीत प्रतिभा दोन माहितीपुस्तिका घेऊन माझ्यासमोर बसली. एक गुळगुळीत, रंगीत, वर कोट-टाय घातलेली हसरी माणसं. सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट. दुसरी पातळ, करड्या कागदाची, शाई जरा फिस्कटलेली. नागपूरला शनिवार-रविवारचे वर्ग, दोन वर्षं, कामगार कल्याणाची पदविका. मी ती करडी पुस्तिका उलटली आणि मागच्या पानावर मला हवी ती ओळ दिसली. ती पदविका यादीतली होती.

"मॅडम, मले काही समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. "यातलं कोणतं करू? मोठंवालं जमन का मले? सासूबाई म्हणतेत, दोन वर्षं मी पोरीले पायते, मंग माह्या गुडघ्याचं ऑपरेशन हाये."

बघा, तिनं सगळं माझ्यासमोर मांडलं होतं. तिच्या हातात दोनच वर्षं होती, आणि ती कुठे घालायची हे ती मला विचारत होती. कारण मी कडक होते, फाइली सरळ ठेवत होते.

मला त्या वेळी विचार करावा लागला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मनाची ओढाताण झाली वगैरे. काही झाली नाही. डब्यातली भाजी पुढे सरकवावी तितक्या सहज मी रंगीत पुस्तिका तिच्याकडे सरकवली.

"हे कर. मोठं घेतलंस आणि अर्धवट सुटलं तर हसू होईल. सध्या तुला झेपेल तेवढंच घे," मी म्हणाले.

तिनं लगेच मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं — ते मला बघवलं नाही. करडी पुस्तिका ती पिशवीत टाकायला लागली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे, कुणाला लागली तर देईन.

पुस्तिकेच्या आतच प्रवेशाचा अर्ज होता. तो मी त्याच आठवड्यात भरला. स्वतःच्या नावानं.

दोन वर्षं मी शनिवार-रविवारी नागपूरला जात होते. ऑफिसात सांगितलं, बहीण आजारी असते. माझी बहीण ठणठणीत आहे, रोज सकाळी फिरायला जाते. नवऱ्याला सांगितलं की कंपनीच पाठवते आहे. तो कौतुकानं स्टेशनवर सोडायला यायचा. इकडे प्रतिभानं सहा महिन्यांत सर्टिफिकेट मिळवलं आणि पेढे आणले. पहिला पेढा मला. मी खाल्ला.

युनिट झालं. कल्याण अधिकाऱ्याची जागा निघाली. आतल्या लोकांचे चार अर्ज आले, त्यांत एक तिचा, एक माझा. आणि आमच्याकडची पद्धत अशी, की अर्जांची छाननी करून तक्ता बनवायचा तो माझ्याच टेबलावर. माझा स्वतःचा अर्ज असूनही. साहेबांना त्यात वावगं वाटलं नाही, बाई कडक आहेत म्हणाले. मी पट्टीनं रेघा मारल्या. प्रतिभाच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं, माझ्या नावापुढे 'पात्र'. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

तिनं एकदाच विचारलं, "मॅडम, तुमी हे केव्हा केलतं?" मी म्हणाले, झाली बाई बरीच वर्षं. तिला खरं वाटलं. न वाटायला काय झालं होतं? सासूबाईंचं ऑपरेशन तोवर होऊन गेलं होतं, गुडघा काही सुधारला नव्हता, आणि मुलीला सांभाळायला आता कुणी नव्हतं.

इथेच संपलं असतं तर मी बहुधा कधीच बोलले नसते. एकीची जागा दुसरीनं घेतली, ऑफिसांतून होतं हे, असं म्हणून झोपले असते.

पण प्रतिभाचे डोळे तिच्या जागेइतके लहान नव्हते. पवनारची सुमन — तिच्याच घरामागे राहणारी, तिच्याच शब्दावर गिरणीत लागलेली — कार्डिंग खात्यात होती. कापूस पिंजून त्याचा पेळू जिथे होतो, ते खातं. तिथल्या एका मशीनच्या पट्ट्यावरचं लोखंडी झाकण निघालं होतं. काढून भिंतीला टेकवलेलं, रोज कापसाच्या धुळीनं थोडं अधिक पांढरं होणारं. प्रतिभानं सुपरवायझरला चिठ्ठी लिहिली. मग दुसरी. मग तिसरी. हजेरीच्या टेबलावरल्या क्लार्कची चिठ्ठी, ती वाचतो कोण? प्रत्येकीची नक्कल ती माझ्या टेबलावर ठेवून जायची.

माझ्याकडे एक रजिस्टर असतं. कल्याण अधिकाऱ्यानं त्यात लिहिलं की व्यवस्थापनाला लेखी उत्तर द्यावं लागतं, मशीन थांबवावं लागतं. चार ओळींचं काम होतं. मी तिन्ही नकला वाचल्या. नवीन युनिटचा माल वेळेत जायचा होता, साहेब रोज फेऱ्या मारत होते, आणि ह्या खुर्चीत त्यांनीच मला बसवलं होतं. लिहू, सोमवारी लिहू. मी नकला भोक पाडून फाइलला लावल्या. त्या खात्याच्या दारावरून जाताना मी त्या भिंतीकडे बघणं टाळायला लागले होते. कळलं का तुम्हाला? मला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी पट्ट्याचा आवाज बदलला. एवढंच. ऑफिसातून ऐकू यावा इतका बदलला. मग सगळी मशीनं एकामागून एक बंद झाली, आणि ती शांतता मी गिरणीत त्याआधी कधी ऐकली नव्हती.

सुमनचा डावा हात कोपराखाली गेला.

चौकशी झाली. ठपका सुपरवायझरवर आला. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा चौकशीच्या साहेबांनी विचारलं, ह्या बाई कोण? क्लार्क, कुणीतरी सांगितलं. शिक्षण? सहा महिन्यांचं सर्टिफिकेट. बरं, म्हणून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. माझ्याकडच्या नकलांबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या अजून फाइलला आहेत, ओळीत, सरळ.

सेवाग्रामच्या दवाखान्यात मी तिसऱ्या दिवशी गेले. अधिकारी म्हणून जावंच लागतं, भेट दिल्याची नोंद करावी लागते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर प्रतिभा बसली होती, मांडीवर डबा. मला वाटलं, आता ही बोलेल. मी तयारी करून गेले होते — तिनं विचारलंच तर काय सांगायचं ह्याची. ती सरकली आणि मला बसायला जागा दिली.

"माहीच चूक झाली, मॅडम," ती म्हणाली. "तेव्हा मोठंवालं केलं असतं ना, तर माह्या चिठ्ठीले काही वजन असतं. सुमीचा हात राह्यला असता. तुमी तरी काय करान? मलेच तेवढं झेपत नव्हतं."

वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं. ती सुमनच असावी. मला फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं.

मी प्रतिभाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. तेव्हा तुला झेपलं नसतंच."

तिनं पदरानं डोळे पुसले, मान हलवली, आणि डबा उघडत आत गेली, सुमनला भरवायला.