मागचे इकडे, पुढचे तिकडे

शाळेशाळेतून तिला सगळे फोटोबाई म्हणत. शिक्षणावरचं संशोधन हे तिचं काम, आणि एकाच आवारात मुलांच्या दोन शाळा कशा चालवतात ते कॅमेऱ्यात पकडणं हा तिचा ध्यास. पुढची शाळा बड्यांच्या मुलांची, मागची वस्तीतल्या मुलांची, मध्ये भिंत. तिचा नियम एकच: कशाला हात लावायचा नाही. खुर्ची आडवी पडली असेल तर आडवीच टिपायची. या नियमाचा तिला भारी तोरा होता. नवरा म्हणायचा, "घरातल्या पसाऱ्यालाही हाच नियम लागू दिसतोय."

त्या शाळेत मात्र तिची पंचाईत झाली. भिंतीला एके ठिकाणी भगदाड पडलं होतं. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची पोरं त्यातून ये-जा करत आणि एकत्र हुंदडत. शिपाईमामा काणाडोळा करत. बाईला दाखवायच्या होत्या वेगळ्या शाळा, आणि इथे तर सगळी सरमिसळ. घंटा व्हायला आली तशी तिने टाळी वाजवली. "मागचे इकडे, पुढचे तिकडे. पटकन उभे राहा बरं."

पोरं निमूट उभी राहिली. दोन मुली एकाच दोरीवर उड्या मारत होत्या. त्यांनी दोरी टाकली, एक इकडे गेली, एक तिकडे. मधल्या भगदाडासकट फोटो झकास आला आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच छापला गेला.

घरी सासूबाईंनी चष्मा पुसून तो निरखला. "बाकीची सगळी तुझ्याकडे बघताहेत. या दोघीच एकमेकींकडे का बघताहेत गं?"

"मैत्रिणी आहेत त्या."

"मग अशा लांब का उभ्या?"

फोटोबाईने अहवाल उपडा ठेवला. दुसऱ्यांनी पाडलेली फूट टिपायला गेलेली बाई स्वतःच ती पाडून मोकळी झाली होती. लोक फोटोचं कौतुक करत आणि ती मनातून खजील होत जाई.

शेवटी राहवेना, तेव्हा त्या दोघींचा एकत्र फोटो काढायचा असं ठरवून ती पुन्हा गेली. भगदाडाच्या जागी नव्या विटा होत्या.

"तुमच्या फोटोत दिसलं ना ते," शिपाईमामा म्हणाले. "वरून विचारणा झाली. मग लगेच गवंडी आला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

मागच्या अंगणात ती दोरीवाली मुलगी एकटीच होती. दोरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधून नुसतीच फिरवत होती. फोटोबाईने कॅमेरा पिशवीतून काढलाही नव्हता, तोच मुलीने दोरी टाकली, धावत जाऊन नव्या विटांना पाठ लावली आणि ताठ उभी राहिली.

"बघा बाई," ती म्हणाली, "मी माझ्याच बाजूला आहे."