साहेब, टोपी

गल्लीत असं उठलंय की आत्याने सरसेनापतींच्या डोक्यावरची टोपी हिसकावली आणि जिन्यावरून भिरकावली. दूधवाला सांगतो त्यात तर टोपी गडगडत खाली गेली आणि पहारेकऱ्याने तिलाच सलाम ठोकला. साफ खोटं! आत्या एवढीशी, स्टुलावर चढली तरी तिचा हात त्या डोक्याला पोचायचा नाही.

आत्या लष्कर खात्यात शिपाई, मंत्र्यांच्या दाराबाहेर. लष्कर मंत्र्यांच्या हुकमात, आणि मंत्र्यांना गणवेश नाही. म्हणून अधिकारी कितीही मोठा असो, टोपी बाहेरच्या स्टँडवर ठेवूनच आत जायचं. ती मागून घेणं आत्याचं काम. दोन्ही हात पुढे, नजर खाली, आणि चहा हवाय का विचारावं तसं, "साहेब, टोपी." मी ही नक्कल केली की बाबा पोट धरून हसायचे. आत्याही.

त्या मंगळवारी मात्र खात्यात कुणी हसत नव्हतं. शहरात सैन्य उतरवायच्या हुकमावर मंत्री सही करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरसेनापती न कळवता आले. टोपी डोक्यावर. कारकून भिंतीला चिकटले. आत्याचे हात मात्र सवयीने पुढे झाले.

"साहेब, टोपी."

"आज राहू द्या, बाई."

"राहू देते की. आत विचारून येते फक्त. आपण बसा तोवर."

ते थांबले. हसले. टोपी काढून स्वतः तिच्या हातात ठेवली. आत्याने सांगितला तसा त्यांचा आवाज मी काढून पाहिलाय. लोण्यासारखा मऊ, आणि अंगावर काटा येतो.

"कधीपासून आहात इथे?"

"केस काळे होते तेव्हापासून, साहेब."

"मग दमला असाल."

घरी हे ऐकून बाबांनी टाळीच मागितली. "ताई, जिंकलीस!"

आत्याने हात पुढे केला नाही. "अरे, पुढचं ऐक. निघताना मंत्री त्यांना सोडायला उंबऱ्याबाहेर आले. आजवर कुणासाठी आले नाहीत. माझ्या हातातली टोपी घेऊन दोन्ही हातांनी त्यांना दिली. मंत्र्यांच्या बोटांना शाई होती, ओली."

बाबांनी टाळीसाठी धरलेला हात खाली घेतला.

"उद्या तो स्टँड तिथे नसेल," ती म्हणाली.

"काहीतरीच! केवढा जड आहे तो!" मी म्हणाले. "लाव पैज. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची."

"लागली."

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारीच परतली. पिशवीत तिचा चहाचा कप आणि स्टुलावरची उशी.

"स्टँड?"

"फरशीवर त्याच्या पायांचे डाग उरलेत. आणि दारावर एक पोरगा उभा केलाय, गणवेशातला. टोपी घालून."

खिडकीखालून लष्करी ट्रक जात होते, एकामागून एक. फळीवरचे पेले किणकिणत होते. आत्याने पिशवीतून जेवणाचा डबा काढला, न उघडलेला, आणि माझ्या हातात ठेवला.

"आधी दोघी जेवू," ती म्हणाली. "मग भांडी घास."