आठ चौकटींचं कापड

शंतनुने चहाचा पेला खाटेवर टेकवला आणि पुढच्याच क्षणी तो जयवंतकाकांच्या आलेखाच्या कागदावर आडवा झाला. चहा दुधाचा, साखरेचा, भरपूर आल्याचा. कागद बेचाळीस वर्षांचा. चहा-कागदाची ती पहिलीच भेट.

"मास्तर," कौसल्याकाकू फडकं शोधत म्हणाल्या, "कॉलेजात पण असंच शिकवता?"

शंतनु गेल्या जूनपासून डिलाईल रोडवरच्या काका-काकूंच्या या खोलीत खाटेपुरता भाडेकरू होता. शिकलेला म्हसवडच्या शाळेत, नोकरी दादरच्या एका कॉलेजात तासिकेवरची. विषय मॅट्रिक्सचा. अंकांचा मोठा तक्ता घ्यायचा आणि तो ज्या लहान तक्त्यांच्या गुणाकारातून झाला असेल, ते शोधून काढायचे. हे कशासाठी करायचं ते पुस्तकात छापलेलं होतं, शंतनुला पाठ होतं आणि मुलांना त्याने चांगली झोप लागत होती.

काकांचं शिक्षण सातवी. एकोणिसाव्या वर्षी ते गिरणीत ओवणीच्या कामाला लागले. मागावर कापड चढण्याआधी दोन-अडीच हजार उभे धागे एकेक करून चौकटींतल्या बारीक डोळ्यांतून ओवायचे. कुठला धागा कुठल्या चौकटीत, ते चुकलं की गजभर कापडावर रेघ दिसायची आणि मुकादमाच्या शिव्या बापापर्यंत पोचायच्या. डिझाइन काढणारे साहेब काचेच्या केबिनमध्ये बसत. काकांनी ओवता ओवता त्यांचं गणित ओळखलं आणि घरी कंदिलाच्या उजेडात स्वतःचं एक डिझाइन काढलं. ते नमुन्यासाठी विणायचं ठरलं, आणि त्याच महिन्यात संप झाला. गिरणी परत उघडली नाही. काकांनी पुढची सव्वीस वर्षं शिवडीच्या गोदामात पार्सलं मोजली. कागद काकूंच्या ट्रंकेत, साड्यांखाली राहिला.

तो आता बाहेर निघाला, कारण परळला हातमाग शिकवणारी रुपाली रविवारी येणार होती. तिचा माग एकच आठवडा मोकळा होता. नंतर तिच्याकडे शिकणाऱ्या मुलींच्या परीक्षेचं काम. माग आठ चौकटींचा. "आठात बसत असेल तर सोमवारी चढवते, काका," ती म्हणाली होती. काका सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि आपलं कापड त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं.

कागदावर तीन गोष्टी होत्या. मधोमध कापडाचं चित्र, अठ्ठेचाळीस उभ्या ओळी आणि चाळीस आडव्या, काही घरं शाईने भरलेली, काही रिकामी. वरच्या पट्टीत कुठला धागा कुठल्या चौकटीत ते. बाजूच्या पट्टीत कुठल्या फेरीला कुठल्या चौकटी उचलायच्या ते. चहा दोन्ही पट्ट्यांवरून गेला होता. चित्र तेवढं वाचलं.

"चित्र आहे ना? मग पट्ट्या परत काढू," काका म्हणाले. "पण माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. घरं दिसत नाहीत."

"काका, तुम्ही बसाच. हे माझंच काम आहे," शंतनु म्हणाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे खरंच त्याचं काम आहे. चित्र म्हणजे दोन पट्ट्यांचा गुणाकार. तो दोन वर्षं हेच शिकवत होता.

त्याने भरलेल्या घराला एक, रिकाम्याला शून्य असं सगळं लॅपटॉपमध्ये भरलं. लॅपटॉपने क्षणात तुकडे पाडून दिले.

"वाच," काका म्हणाले.

"पहिली चौकट, पहिला धागा… उणे शून्य पूर्णांक सदतीस."

"उणे? म्हणजे धागा उचलायचा कसा रे, झिला? जमिनीत खड्डा खणून?"

काकू पोळी लाटता लाटता इतक्या हसल्या की पोळी बिघडली.

"बरं, ते सोड. चौकटी किती म्हणतं तुझं मशीन?"

"नऊ."

काकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आठच होत्या. मी आठच काढल्या होत्या." पण आवाजात खात्री नव्हती. बेचाळीस वर्षांनी माणसाला स्वतःचाही संशय येतो. "नऊ असतील तर रुपालीला फोन कर. पोर उगाच खेप घालेल."

शंतनुने फोन काढला आणि परत ठेवला. "तुम्ही कसं कराल, ते सांगा. मी डोळे, तुम्ही बाकीचं."

काकांनी ताटं-वाट्या मागवल्या. शंतनुने प्रत्येक उभी ओळ कागदाच्या वेगळ्या चिठोरीवर उतरवायची आणि मोठ्याने वाचायची: भरलं, भरलं, रिकामं. काका डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "ही पहिल्या वाटीत. ही तिसरीत. ही परत पहिलीत." हुबेहूब सारख्या ओळी एका वाटीत, आणि जितक्या वाट्या तितक्या चौकटी. उलट्यासुलट्या चिन्हांची भानगडच नाही.

दुपारी तीनला चिठोऱ्या संपल्या. वाट्या नऊ.

"नवव्या वाटीत किती?" काकांनी विचारलं.

"एकच."

"एका धाग्यासाठी कोण चौकट लावतो? तिसरीतल्या चिठोरीशेजारी धरून बघ."

फरक एका घराचा होता. शंतनुने मूळ कागद खिडकीशी नेला. ते घर थेट वरच्या पट्टीखालचं होतं. चहात विरघळलेली शाई एक घर खाली उतरून बसली होती, आणि शंतनुने इमानेइतबारे तिला 'एक' दिला होता.

"काका, हे घर तुमचं नाही. माझं आहे."

"मग पूस की!"

शंतनुने लॅपटॉप पुन्हा उघडला. प्रत्येक चौकटीचा चित्रातला वाटा दाखवणारे आठ आकडे भलेथोरले आणि नववा अगदी किरकोळ, असं तिथेही सकाळपासून लिहिलेलं होतं. किरकोळ आकडा बहुधा डाग असतो, तो सोडावा, हे वाक्य त्याने दर वर्षी फळ्यावर लिहून दिलं होतं. स्वतः कधी वाचलं नव्हतं.

रुपाली रविवारी आली, वाट्या बघून हसली आणि पट्ट्या घेऊन गेली. पुढच्या शनिवारी तिने हातभर कापड आणलं, निळं, मध्ये पांढऱ्या लाटा. काकांनी ते आधी बोटांनी वाचलं, मग गालाला लावलं.

"लय उपकार झाले, मास्तर," काका म्हणाले.

"सांडणाऱ्याचे कसले उपकार? उपकार तुमचे. माझा वर्ग या आठवड्यात पहिल्यांदा जागा होता. अठ्ठेचाळीस चिठोऱ्या आणि आठ वाट्या घेऊन गेलो होतो."

"माझ्या वाट्या?" काकू म्हणाल्या. "तरीच आमटी ताटात खाल्ली आम्ही!"

"मग आता फेड कर," काका म्हणाले. "मी तुला माझी रीत दिली. तू तुझी दे. ते उणे सदतीस कशाला लागतं, ते मला नीट समजव. मशीन नको. कागदावर."

शंतनुने "पुढच्या रविवारी" असा शब्द दिला. त्याला आता तीन रविवार झाले. रोज संध्याकाळी काका कोरा आलेख कागद आणि टोक काढलेली पेन्सिल खाटेवर ठेवतात, आणि सातवी शिकलेल्या माणसाला समजेल असं पहिलं वाक्य शंतनुला अजून सापडलेलं नाही.