दोन पेट्यांची एक पेटी

मालनबाईसारखी चिवट बाई आमच्या आसगावात दुसरी नाही. हे मी जरा लाजूनच लिहितो आहे, कारण तिचा चिवटपणा पणाला लागला तो माझ्यामुळे.

चौदा वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेऊन तिनं मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या, तेव्हा "आता डास कधी पाळता?" असं सगळ्यांत आधी मीच विचारलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. दोनाच्या अकरा केल्या. एका साली पुरानं चार नेल्या, एका साली अस्वलानं तीन फोडल्या. दर वेळी ती पुन्हा अकरावर आली. मध विकून लेकीला, हर्षाला, नर्स केलं.

आमच्या बांध्यांचा, म्हणजे धानाच्या खाचरांचा, एक रिवाज होता. धानावर औषध मारायचं असलं की आदल्या संध्याकाळी मालनबाईला सांगायचं. माश्या घरी परतल्या की ती पेट्यांची तोंडं जाळीनं बंद करी, वर ओलं पोतं टाकी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना आत ठेवी. दोन हजार सतराच्या खरिपात धानावर तुडतुडा आला. उभी बांधी करपताना पाहून माझी मती गुंग झाली. सकाळीच पंप पाठीवर घेतला. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तूर फुलावर होती, उरलेलं औषध तिच्यावरही मारलं. निरोप द्यायचा राहिला. राहिला कसला, मला आठवलं होतं. एका दिवसानं काय होतंय, म्हणून टाळलं.

तिसऱ्या दिवशी पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. अकरातल्या दोन उरल्या, त्याही अर्ध्या. मालनबाई भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली मान घालून झाडत राहिली.

आठवड्यानं तिनंच मला बोलावलं.

"दोन्हीत माश्या कमी हायेत, भाऊ. थंडीत दोन्ही मरतीन. एकात करा लागते."

"करा ना मंग."

"एका पेटीत दोन राण्या नाई राहत. एक मारा लागते. कोनती मारू, तुमीच सांगा."

मी एकदा या पेटीकडे, एकदा त्या पेटीकडे पाहिलं. नऊ पेट्या मी बिनदिक्कत मारल्या होत्या.

शेवटी तिनंच म्हातारी राणी चिमटीत धरली. "तीन साल झाले हिले. बाकीच्या पेट्यायत हिच्याच लेकी होत्या," म्हणाली, आणि बोटं दाबली. मग एका पेटीवर वर्तमानपत्र अंथरून दुसरी वर ठेवली; कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांना एकमेकींचा वास सवयीचा होतो.

"थकली मी, भाऊ." ती तिथंच मातीत बसली आणि रडली. नऊ पेट्या गेल्या तेव्हा मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. मला माफी मागायची होती.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उठा. साखरेचा पाक कराचा हाय. उपाशी हायेत त्या."

मी चूल पेटवली.